नगराध्यक्षाला मुदतीआधी घरी पाठवता येतं का?

महाराष्ट्रातल्या नगरपरिषदा आणि नगरपंचायतींच्या रखडलेल्या निवडणुका अखेर डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या. मतदाराने आपल्या प्रभागाचे नगरसेवक निवडले आणि त्याच वेळी सगळ्या शहराचा नगराध्यक्षही थेट निवडला. २१ डिसेंबरला निकाल लागले, तेव्हा काही ठिकाणी नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहात बहुमत दुसऱ्याचं, असं त्रांगडं झालं. अशा गावात पाणी चार दिवस आलं नाही किंवा रस्त्याचं काम अडलं, की पहिला प्रश्न हाच निघतो: पाच वर्षं थांबायचं, की याला आधीच खाली उतरवता येतं?

मग ऐकीव माहिती सुरू होते. इतक्या टक्के मतदारांच्या सह्या जमवल्या की नगराध्यक्ष घरी जातो, असं कुणी ठासून सांगतं. मध्य प्रदेशात असं झालंय, असं दुसरा म्हणतो. मध्य प्रदेशात ते खरंच झालं आहे. पण तिथेही ते नुसत्या सह्यांनी झालेलं नाही, आणि महाराष्ट्रात तर शहरांसाठी तशी सोयच नाही.

आधी तीन वाटा वेगळ्या करू

निवडून आलेला माणूस मुदतीआधी पद गमावतो तो तीन वाटांनी. पहिली वाट अपात्रतेची किंवा सरकारी कारवाईची. इथे आरोप असतो, चौकशी असते, म्हणणं मांडायची संधी असते आणि शेवटी सरकार किंवा न्यायालय निर्णय देतं. दुसरी वाट अविश्वास ठरावाची. तिथे सदस्य मत देतात आणि ठराविक बहुमत जमलं की काम झालं. तिसरी वाट म्हणजे मतदारांनीच पुन्हा मतदान करून त्याला परत बोलावणं. इंग्रजीतून आलेला ‘राइट टू रिकॉल’ हा शब्द या तिसऱ्या वाटेचा आहे. या लेखात तिला मी ‘परत बोलावणं’ म्हणेन.

बातम्यांत या तिन्हींची सरमिसळ होते आणि लोक नको तिथे अर्ज करत बसतात. पहिल्या वाटेवर पुरावा लागतो, दुसरीवर नगरसेवक लागतात, तिसरीवर मतदार. ज्याच्याकडे जे आहे, त्यावर त्याची वाट ठरते.

महापौर या चर्चेत येत नाही, कारण महाराष्ट्रात महापालिकेचा महापौर नगरसेवकच निवडतात. लोकांनी थेट न निवडलेल्या माणसाला लोकांनी थेट परत बोलावण्याचा प्रश्न येत नाही. हा मुद्दा पुढे पुन्हा लागणार आहे.

खाली कुर्सी, भरी कुर्सी

मध्य प्रदेशच्या नगरपालिका कायद्याचं कलम ४७ वाचलं की चित्र बरंच स्पष्ट होतं. निवडून आलेल्या नगरसेवकांपैकी किमान तीन चतुर्थांश जणांनी प्रस्तावावर सह्या करायच्या आणि तो जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यायचा. जिल्हाधिकारी सह्या खऱ्या आहेत का, संख्या भरते का, एवढंच तपासतात. आरोप खरे की खोटे, हे पाहणं त्यांचं काम नाही. तिथून प्रस्ताव राज्य सरकारकडे आणि सरकारकडून राज्य निवडणूक आयोगाकडे जातो. मग गावात गुप्त मतदान होतं.

या मतदानात उमेदवार नसतात, दोन चिन्हं असतात. एक रिकामी खुर्ची आणि एक माणूस बसलेली खुर्ची. अध्यक्ष राहावा असं वाटत असेल तर भरलेली, जावा असं वाटत असेल तर रिकामी. झालेल्या मतांपैकी निम्म्याहून जास्त मतं रिकाम्या खुर्चीला पडली की पद गेलं. निवडणूक कायद्यातली इतकी सरळ खूण दुसरी माझ्या पाहण्यात नाही.

लगामही आहेत. निवडून आल्यावर सुरुवातीची काही वर्षं हा प्रस्ताव आणता येत नाही. एका कार्यकाळात ही प्रक्रिया एकदाच सुरू करता येते.

कायदा कागदावर राहिला नाही. २००१ साली अनूपपूरच्या नगरपालिका अध्यक्षांना मतदारांनी याच पद्धतीने पायउतार केलं आणि देशातलं हे असं पहिलं उदाहरण ठरलं. छत्तीसगड वेगळं झालं तरी कायदा सोबत घेऊन गेलं. तिथे २००८ मध्ये नवागढ, गुंडरदेही आणि राजपूर या तीन छोट्या गावांच्या अध्यक्षांची खुर्ची लोकांनी रिकामी केली. राजस्थानने २०११ मध्ये अशी तरतूद केली. पुढच्याच वर्षी बारां जिल्ह्यातल्या मांगरोळ इथे ती वापरून पाहिली गेली. तिथे मात्र लोकांनी अध्यक्षांना राखलं.

किल्ली नेमकी कुणाकडे?

बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक बँकेची आणि एक ग्राहकाची. मध्य प्रदेशचा कायदा तसाच आहे. एक किल्ली नगरसेवकांकडे, दुसरी मतदारांकडे. फरक इतकाच, की पहिली किल्ली नगरसेवकांनी फिरवल्याशिवाय मतदाराला आपली किल्ली घालायला भोकच सापडत नाही.

आकड्यांत पाहू. समजा गावात २० नगरसेवक आणि ४०,००० मतदार आहेत. प्रस्तावाला १५ सह्या लागतील. म्हणजे फक्त सहा नगरसेवक अध्यक्षाच्या बाजूने उभे राहिले की विषय संपला. मग बाहेर चाळीसच्या चाळीस हजार मतदारांनी निवेदनावर सही केलेली असली, तरी मतदान होणार नाही. सहा माणसं सांभाळणं कुठल्याही मुरलेल्या अध्यक्षाला जड नसतं. समित्यांची सभापतिपदं असतात, प्रभागातली कामं असतात, आणि सगळ्यांना ठाऊक असलेले बाकीचे मार्गही असतातच.

उलट बाजूही आहे. अध्यक्षाने ठेकेदारांची बिलं अडवली म्हणून १५ नगरसेवक चिडले आणि त्यांनी प्रस्ताव आणला, तर नुसत्या अविश्वास ठरावात तो अध्यक्ष गेला असता. इथे शेवटचं मत लोकांचं असल्याने तो टिकू शकतो. मतदारांची किल्ली अशा वेळी अध्यक्षाचं रक्षण करते, आणि परत बोलावण्याच्या कायद्याचा हा उपयोग बोलताना सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. पदावर असलेले लोक या कायद्याला सरसकट घाबरतात, पण प्रामाणिक अध्यक्षाला नगरसेवकांच्या अविश्वासापेक्षा लोकांचं मतदान कितीतरी परवडेल.

थेट निवडलेल्या माणसाला नगरसेवकांनी काढणं हे मुळात चालतं का? हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे. उत्तर प्रदेशातल्या रायबरेलीच्या नगरपालिका अध्यक्षांना लोकांनी निवडलं होतं आणि सदस्यांनी अविश्वास ठराव करून काढलं होतं. १९९२ मध्ये न्यायालयाने ते वैध ठरवलं. सदस्यसुद्धा त्याच मतदारांनी निवडलेले आहेत, त्यामुळे ते लोकांचंच मत व्यक्त करतात, असा त्यामागचा विचार. तर्क कायद्याला धरून आहे. पण प्रभागातल्या दोन हजार मतांवर आलेले पंधरा जण आणि सगळ्या शहराचं मत या दोन गोष्टी एकच आहेत, हे काही मला पटत नाही.

महाराष्ट्रात काय आहे?

गावाला एक न्याय आणि शहराला दुसरा, अशी आपली स्थिती आहे.

ग्रामपंचायतीत थेट निवडलेल्या सरपंचाविरुद्ध सदस्यांनी तीन चतुर्थांश बहुमताने अविश्वास ठराव मंजूर केला, तरी सरपंच लगेच जात नाही. ठराव विशेष ग्रामसभेपुढे जातो आणि तिथे गावकरी गुप्त मतदानाने त्यावर शिक्कामोर्तब करतात किंवा तो फेटाळतात. निवडीनंतर दोन वर्षं आणि मुदत संपायच्या आधीचे सहा महिने ठराव आणता येत नाही. म्हणजे लॉकरची तीच दोन किल्ल्यांची पद्धत आपल्याकडे गावपातळीवर आहे, फक्त तिला कुणी ‘राइट टू रिकॉल’ म्हणत नाही. महाराष्ट्रात तसं काही नाही, असं बिनदिक्कत लिहिणाऱ्यांनी ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम ३५ उघडून पाहावं.

शहराकडे आलो की दुसरी किल्लीच गायब होते. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमात नगराध्यक्षाला मतदारांच्या मतदानाने उतरवण्याची सोय नाही. तिथे सरकारी वाट मात्र आहे. कलम ५५-अ खाली गैरवर्तन, कर्तव्यात कसूर, काम करण्याची असमर्थता किंवा लांच्छनास्पद वर्तन या कारणांवरून राज्य सरकार नगराध्यक्षाला दूर करू शकतं, पण आधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. हे अधिकार वाटेल तसे वापरता येत नाहीत. उरणच्या नगराध्यक्षांना असंच काढण्यात आलं होतं. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. लोकांनी निवडलेल्या माणसाला पदावरून काढणं ही गंभीर गोष्ट आहे, त्याला सरकारी नोकराच्या मापाने मोजता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

शहरांसाठी दुसरी किल्ली का घडवली गेली नाही? एक कारण उघड आहे. निवडणुकीची पद्धतच स्थिर नाही. २०१६ मध्ये थेट नगराध्यक्ष आला, २०२० मध्ये ती पद्धत गेली, २०२२ मध्ये परत आली. सरकार बदललं की नगराध्यक्ष निवडायची रीत बदलते, कारण दोन्ही रीती कुणा ना कुणाच्या सोयीच्या असतात. आणि थेट निवडणूक गेली की परत बोलावण्याचा पाया जातो. मध्य प्रदेशात २०२२ च्या निवडणुकीत नगरपालिकांचे अध्यक्ष नगरसेवकांमधूनच निवडले गेले. लोकांनी निवडलेलाच नाही, त्याच्यासाठी रिकाम्या खुर्चीचं चिन्ह छापणार कसं?

राज्यघटना यात आडवी येत नाही. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनेत जागा दिली, पण अध्यक्ष कसा निवडायचा हे राज्यांवर सोडलं. त्यामुळे बदल हवा असेल तर दिल्लीकडे पाहायची गरज नाही, विधिमंडळ पुरेसं आहे. खासदार-आमदारांची गोष्ट वेगळी. त्यांना परत बोलावण्याची मागणी हिंदुस्तान रिपब्लिकन असोसिएशन या क्रांतिकारकांच्या संघटनेच्या १९२५ च्या जाहीरनाम्यात होती, १९७४ च्या जयप्रकाश नारायणांच्या आंदोलनात होती, आणि त्याच वर्षी लोकसभेत तसं खासगी विधेयकही आलं होतं. कायदा काही झाला नाही.

जिथे सह्या नागरिकच गोळा करतात

जगात बऱ्याच ठिकाणी पहिली किल्लीही नागरिकांकडे आहे. अमेरिकेत लॉस एंजेलिसने १९०३ मध्येच शहराच्या सनदेत ही सोय केली. त्याच परिसरातल्या बेल या सुमारे ३५,००० वस्तीच्या छोट्या शहराची कथा प्रसिद्ध आहे. २०१० मध्ये वर्तमानपत्राने उघड केलं, की या गरीब शहराचा मुख्य प्रशासक वर्षाला पावणेआठ लाख डॉलरहून अधिक पगार घेतो आणि अर्धवेळ काम करणारे नगरसेवक लाखाच्या आसपास. लोकांनी सह्या गोळा केल्या आणि मार्च २०११ मध्ये महापौरासह त्या नगरसेवकांना प्रचंड मतांनी घरी पाठवलं.

बेलची कथा सोपी आहे, त्यात खलनायक स्पष्ट दिसतो. जपानमधल्या अकुने या छोट्या शहराची तशी नाही, आणि म्हणून ती जास्त शिकवते. तिथला महापौर निवडून आला तोच नगरपालिकेतल्या पगारांवर तोफ डागत. नगरसेवकांशी त्याचं इतकं बिनसलं, की २०१० मध्ये त्याने सभाच बोलावणं थांबवलं आणि एकट्याच्या विशेषाधिकाराने निर्णय काढायला सुरुवात केली. जपानी कायद्यात अशा छोट्या शहरात एक तृतीयांश मतदारांच्या सह्या जमल्या की मतदान घ्यावंच लागतं. शहर आणि गावपातळीवर त्या जमवायला जेमतेम एक महिना मिळतो. आपल्या काल्पनिक ४०,००० मतदारांच्या गावात हेच करायचं, तर महिन्याभरात १३,००० हून अधिक सह्या लागतील. त्याही नाव-पत्त्यासह, यादीशी ताडून पाहता येतील अशा. अकुनेकरांनी त्या जमवल्या. डिसेंबर २०१० च्या मतदानात महापौर गेला, पण फक्त ३९८ मतांच्या फरकाने. जवळजवळ निम्मं गाव अखेरपर्यंत त्याच्यामागे होतं. पुढच्या महिन्यात तो पुन्हा उभा राहिला आणि पडला. त्याच्या समर्थकांनीही सभागृहाविरुद्ध सह्या गोळा केल्या होत्या आणि फेब्रुवारीत लोकांनी सभागृहही बरखास्त केलं! तीन महिन्यांत तीनदा मतदान. दोन्ही बाजूंना आपण लोकशाही वाचवतोय असंच वाटत होतं.

पोलंडमध्ये आणखी एक अट आहे. मूळ निवडणुकीत जितके लोक मतदानाला आले होते, त्याच्या तीन पंचमांश तरी या मतदानाला आले पाहिजेत, नाहीतर निकाल धरतच नाहीत. २०१३ मध्ये वॉर्सॉच्या महापौरांना हटवण्यासाठी मतदान झालं, तेव्हा त्यांच्या बाजूचे पुढारी समर्थकांना सांगत होते, घरी बसा. आलेल्यांपैकी दहातल्या नऊहून अधिक जणांनी विरोधात मत दिलं. पण लागणार होते सुमारे २९ टक्के मतदार आणि आले २६ टक्क्यांपेक्षा किंचित कमी. महापौर राहिल्या. अशी अट असली की अध्यक्षाच्या समर्थकाला मत देण्यापेक्षा न देणं फायद्याचं होतं. मध्य प्रदेशच्या कलमात ही अट नाही, आणि ते मला बरं वाटतं.

“अशानं रोजच निवडणुका होतील”

हा आक्षेप पोकळ नाही. पेरूमध्ये १९९४ पासून हा हक्क आहे आणि तिथे हजारो स्थानिक पदाधिकाऱ्यांना अशा मतदानाला तोंड द्यावं लागलं. पुष्कळ ठिकाणी पुढाकार घेणारे लोक म्हणजे मागच्या निवडणुकीत पडलेले उमेदवार. हरलेल्याला पुढच्या निवडणुकीपर्यंत थांबण्याऐवजी दुसरा डाव मिळाला, तर तो खेळणारच. अखेर २०१५ मध्ये पेरूने कायदा आवळला.

उपाय मात्र ठाऊक आहेत. सुरुवातीची वर्षं मोकळी सोडायची, शेवटचे काही महिने बंद ठेवायचे, कार्यकाळात एकदाच संधी द्यायची. सुरुवातीची मोकळीक फार महत्त्वाची आहे. घरपट्टीची फेरआकारणी, अतिक्रमण काढणं, कचरा डेपोची जागा ठरवणं ही कामं पहिल्या वर्षात लोकांना कडू लागतात. डोक्यावर टांगती तलवार असेल तर ती कुणी हातातच घेणार नाही.

“लोक जात पाहून काढतील”

मला सगळ्यात जड वाटतो तो हा आक्षेप. राखीव जागेवर आलेल्या महिला आणि दलित सरपंचांविरुद्ध अविश्वास ठरावाचं हत्यार वापरलं जातं, हे ग्रामीण भागात काम केलेल्या कुणालाही नवं नाही. ज्याला गावातल्या मातब्बरांनी मनापासून स्वीकारलंच नाही, त्याच्याविरुद्ध सह्या जमायला वेळ लागत नाही. महिलांसाठी राखीव पदावरच्या महिला सरपंचासाठी कायद्याने अविश्वासाचं बहुमत वाढवलं, ते याच अनुभवातून.

मतदारांचं गुप्त मतदान इथे थोडं तारतं, कारण सभागृहातल्या पंधरा जणांवर आणता येतो तितका दबाव बंद कक्षात शिक्का मारणाऱ्या हजारोंवर आणता येत नाही. पूर्ण तारतं असं म्हणणार नाही. परत बोलावण्यात कारण सिद्ध करावं लागत नाही. ‘आम्हाला नको’ एवढं पुरतं, आणि या पद्धतीचं बळ आणि धोका दोन्ही तिथेच आहेत. राखीव पद रिकामं झालं तर उरलेल्या काळासाठी ते त्याच प्रवर्गाकडे राहील, एवढं तरी कायद्यात स्पष्ट हवं, म्हणजे काढण्यातला एक हेतू निकालात निघतो.

मग आज महाराष्ट्रातल्या शहरात काय करता येईल?

सह्यांच्या मोहिमेने नगराध्यक्ष जात नाही, हे आधी स्वीकारावं. तिचा उपयोग दबावापुरता, आणि तो दबाव नगराध्यक्षापेक्षा आपल्या प्रभागाच्या नगरसेवकावर जास्त चालतो, कारण त्याची मतं मोजकी असतात.

तक्रार पैशाच्या गैरव्यवहाराची असेल तर वाट पुराव्याची आहे. माहिती अधिकारात सभेची इतिवृत्तं, ठरावांच्या प्रती, निविदांची कागदपत्रं, अदा केलेली बिलं मागायची. ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. ती जोडून तक्रार जिल्हाधिकारी आणि नगरविकास विभागाकडे करायची. ‘मनमानी कारभार’ अशा शब्दांचा अर्ज फायलीत पडून राहतो. ठराव क्रमांक, तारीख आणि रक्कम लिहिलेल्या अर्जाला उत्तर द्यावं लागतं.

आणि ज्यांना कायदाच बदलून हवा आहे, त्यांनी आमदारासमोर नुसतं ‘राइट टू रिकॉल द्या’ म्हणून उपयोग नाही. तसं आश्वासन द्यायला कुणालाच काही लागत नाही. नेमकं विचारावं: प्रस्ताव फक्त नगरसेवक आणतील, की ठराविक मतदारांच्या सह्यांवरही येईल? सह्या किती टक्के, किती दिवसांत, आणि तपासणार कोण? मतदानाला किमान हजेरीची अट असेल का? पद रिकामं झाल्यावर निवडणूक होईपर्यंत कारभार उपाध्यक्ष पाहील की प्रशासक? काढलेल्या माणसाला लगेच पुन्हा उभं राहता येईल का? अकुनेच्या महापौराला राहता आलं होतं.